हात पुसायचा टॉवेल

अकरा वर्षं मी एकच वाक्य बोललो:
हात लावू नका.
जहाजाच्या नमुन्याला, बिशपच्या झग्याला,
काचेआडच्या त्या सुकलेल्या बटाट्यालासुद्धा,
ज्याला तसाही कुणी हात लावला नसता.
नगरपालिका मला त्याचाच पगार देते.

मग एदुविना बार्रिया आली,
मासळीच्या दोन क्रेट भरून चित्रं घेऊन.
खिळे नकोत म्हणाली, दोरी नको, दिवेही नकोत.
शाळेतली चार टेबलं हवीत, शाईच्या डागांची.
आणि एक टॉवेल.
"हा तुझा, वेनान्सियो.
लोक ओल्या हातांनी येतील.
चिलोएत कोरडे हात कुणाचे असतात?"

आमची घरं लाकडी खवल्यांची, माशासारखी.
घर पाडलं की खवले चुलीत जातात.
तिनं ते चुलीच्या तोंडातून काढून आणलेले,
कापून वीतभर केलेले,
आणि त्यांवर रंगवलेलं: एक बूट. वाफाळती किटली.
भरतीत उभी गाय. पिवळी होडी.
निम्मी चित्रं टेबलावर पालथी.
उचलल्याशिवाय कळायचंच नाही
खाली काय आहे.

पहिल्या दिवशी कुणी उचललं नाही.
सगळे हात पाठीमागे बांधून,
मयताला आल्यासारखे.
मीच शिकवलं होतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी नेलिदाच्या पोरानं
गायीचा ट्रक केला
आणि टेबलाच्या कडेकडेनं घुर्र नेला.
माझ्या तोंडात ते वाक्य आलं,
दातांपर्यंत आलं,
मी ते गिळलं आणि त्याची बोटं पुसली.

मग काय. शिंपलेवाल्या सुलेमानं किटली नाकाशी धरली,
"अजून धूर आहे हिच्यात."
दोघी बहिणींनी पत्त्यांसारखी वाटून घेतली चित्रं
आणि भांडल्याही.
गुरुवारपर्यंत टॉवेलला डिझेलचा वास, लसणाचा,
मेंढीच्या चरबीचा.
बुटाची टाच फिकट झाली.
मी घाबरून एदुविनाला दाखवली.
"मग?" ती म्हणाली. "तुझी टाच झिजत नाही?"

शुक्रवारी रोसाउरो आला.
ऐंशीच्या घरातला, तरुणपणी डोंगरात अलेर्से फोडणारा.
हात पुढे केले, मी पुसले.
झाडाची साल पुसावी तसे.
त्यानं होडी उचलली, बघितलीही नाही, उलटी केली.
पाठीवरून नख फिरवत गेला, थांबला.
"तीन खाचा. माझ्या आहेत."
"आणि चित्र?" मी विचारलं.
"हो, आहे काहीतरी तिकडून."

संध्याकाळी मोजली.
बासष्ट आली होती, एकसष्ट निघाली.
पुन्हा मोजली. टेबलाखाली पाहिलं. क्रेट झटकल्या.
अकरा वर्षांत माझ्या हातून
बटाटाही हरवला नव्हता.

रविवारी, मिसा झाल्यावर, त्याच्या घरी गेलो.
ओरडायचं काय काय ते वाटेत जुळवत.
पश्चिमेची भिंत, जिथं पाऊस आडवा येतो,
तिथं खिडकीखाली एक खवला नवा ठोकलेला.
वीतभर. तीन खाचा बाहेरून.
होडी आत, भिंतीच्या पोटात, अंधारात.

आतून रोसाउरोनं हात हलवला, मातेचा पेला दाखवला.
मी बसलो. दोन पेले प्यालो.
वारा कुठून येत होता पूर्वी, ते त्यानं मला
बोट नेऊन दाखवलं.
"ठेव इथं हात," म्हणाला.
ठेवला.
वारा नव्हता.

सोमवारी रजिस्टर उघडलं.
होडीपुढे "हरवली" लिहिलं, खोडलं.
"चोरीला" लिहिलं, तेही खोडलं.
एदुविना खांद्यावरून वाकून बघत होती, बोलली नाही.
शेवटी लिहिलं: हाताळणी चालू.

मग टॉवेल धुवायला नेला.
वास गेला नाही.